ब्लूजची कुस्ती बरोबरीत सुटली नाही

गुंडूआण्णांना संगीतातलं काही कळत नाही, असं त्यांचे शत्रू सांगतात. मित्रही तेच सांगतात. स्वतः आण्णा तर ही गोष्ट इतक्या अभिमानानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी हे अज्ञान रोज पहाटे जोर-बैठका मारून कमावलेलं आहे. असा हा माणूस पश्चिम महाराष्ट्र विभागीय ब्लूज स्पर्धेचा पंच झाला आणि त्यापायी त्याची उभ्या जन्माची पंचगिरी पणाला लागली.

आधी माणूस सांगतो. आण्णा मूळचे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतले. मिसरूड फुटायच्या आत ते कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या पिंपळकट्टा तालमीत पैलवान व्हायला आले. पैलवान झालेही, पण फक्त अंगानं. मैदानात उतरले की पडत. उजवीकडं पडत, डावीकडं पडत, समोरचा दमला असेल तर आपणहून पडत. एकदा सलामीला हात मिळवतानाच पडले असं तालमीत सांगतात. त्यात थोडी भर असेल. पोटासाठी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साचे बनवायचं काम धरलं आणि संध्याकाळी मातीत पडायला तालमीत जात राहिले.

या दीर्घ अनुभवाचा एक फायदा झाला. माणसाची पाठ मातीला नक्की कधी टेकते, हे खालच्या बाजूनं इतक्या वेळा पाहिलेला दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. वस्तादांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी एक दिवस आण्णांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि म्हणाले, "गुंडू, तू आता लढू नगंस. तू नुसता बघ."

तेव्हापासून आण्णा बघतायत. मैदानात फेटा बांधून, पांढरा सदरा घालून, गुडघ्यावर बसून, गाल मातीला लावून ते दोन पैलवानांच्या मधली फट बघत. आणि त्यांची ख्याती अशी की त्यांनी कधी कुस्ती सोडवली नाही. सोडवणं म्हणजे बरोबरीत सोडवणं. दोन नामांकित मल्ल बराच वेळ एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभे राहतात, दिवस कलायला लागतो, दोन्हीकडचे पुढारी पंचाच्या कानाशी लागतात, आणि मग पंच दोघांचेही हात वर करतो. दोन्ही पुढारी खूश. पब्लिक शेंगांची टरफलं झटकून घरी. आण्णांना याचा मनस्वी तिटकारा. "बरोबरीत सोडवायला पंच कशाला पायजे?" ते म्हणत. "त्याला अंधार पुरतोय."

सख्ख्या मेव्हण्याविरुद्ध त्यांनी निकाल दिला तेव्हाची गोष्ट पेठेत अजून निघते. मेव्हणा सांगत होता, खांदा टेकला, पाठ टेकली नाही. आण्णा म्हणाले, "खांदा काय पायाला असतोय?" त्यानंतर त्यांच्या पत्नी बाळाबाई यांनी एक अख्खा उन्हाळा त्यांना भाकरी वाढली, पण शब्द वाढला नाही. शेवटी आण्णांनी विचारलं, "बोलणार न्हाईस काय?" बाळाबाई म्हणाल्या, "बोलायचं का न्हाय ह्याचा निकाल अजून लागला न्हाय. लागला की शिट्टी मारते."

आता ब्लूज.

अमरसिंह तात्या हे तालमीचे अध्यक्ष. पेठेतली कुठलीही फीत त्यांच्या कात्रीवाचून कापली जात नाही. त्यांचा पुतण्या सम्राट पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि गिटार घेऊन परत आला. पदवीही आणली होती, पण ती पिशवीत होती आणि गिटार गळ्यात. दिवसा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपांची तपासणी करायची आणि संध्याकाळी गच्चीवर बसून अमेरिकेतलं दुःख गायचं, असा त्याचा क्रम. तालमीच्या वर्धापनदिनाला यंदा ब्लूजची स्पर्धा घेऊ, असं त्यानं काकांना सुचवलं. तात्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"गर्दी हुतीया?"

"होते."

"निकाल लागतोय?"

"लागतो, काका. गदा द्यायची."

झालं. आठ दिवसांत पेठेत फलक लागले. फलकावर तात्या, त्यांच्या हातात गिटार, आणि गिटारच्या तारा मागच्या बाजूला.

सम्राटनं परदेशातल्या कुठल्याशा ब्लूज मंडळाची नियमावली इंटरनेटवरून काढून मराठीत आणली होती. प्रत्येक स्पर्धकाला ठरावीक वेळ, परीक्षकांनी गायकीला गुण द्यायचे, वाद्याला द्यायचे, स्वतःचं गाणं असल्याबद्दल द्यायचे आणि एकूण ब्लूजपणाला द्यायचे. ती तालमीच्या कट्ट्यावर कार्यकारिणीपुढं वाचली गेली. आण्णांनी पहिल्याच कलमाला हात वर केला.

"मार्क शाळेत देत्यात. तालमीत जोड लागती."

आणि जोड लागली. दोन गायक समोरासमोर, आधी एकानं गायचं, मग दुसऱ्यानं, पंचांनी तिथल्या तिथं निकाल द्यायचा, हरला त्यानं नारळ घेऊन खाली उतरायचं. सम्राटनं विरोध केला. पण अमेरिकेतसुद्धा पूर्वी गिटारवाले असेच एकमेकांना आव्हान द्यायचे हे त्याला आठवलं, ते त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं आणि स्वतःचीच बाजू घालवली.

पुढं घोटाळा असा झाला की पत्रक छापताना कार्यकारिणीनं दरवर्षीच्या कुस्ती मैदानाचंच पत्रक पुढं ठेवलं आणि जिथं कुस्ती होतं तिथं ब्लूज घातलं. बाकीचं तसंच राहिलं. त्यामुळं ब्लूज गायकांनी अंगाला तेल लावून येऊ नये, नखे कापलेली असावीत आणि वजन सकाळीच देऊन मोकळे व्हावे, असे तीन नियम सबंध पश्चिम महाराष्ट्रात वाचले गेले. तेलाबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

पंच तालमीचे नेहमीचे, म्हणजे आण्णाच; गाण्याच्या जाणकार म्हणून अवंतिका नावाच्या बाईंना दुसऱ्या पंच नेमलं होतं. राजारामपुरीत त्यांचा गिटारचा क्लास आहे. बोलणं मऊ, पण मूळच्या कोल्हापूरच्याच. स्पर्धेच्या सकाळी त्या तालमीत आल्या तेव्हा दाराशी वजनकाटा होता, काट्याशी आण्णा होते, आणि आण्णांनी मिरजेच्या एका दाढीवाल्या गिटारवादकाचा उजवा हात धरून दुसऱ्या हातात नेलकटर घेतलेलं होतं.

"आण्णा, थांबा. ती नखं मुद्दाम वाढवलेली आहेत. गिटार वाजवताना ती त्याचं हत्यार आहेत."

"म्हणून तर कापाय पायजेत," आण्णा म्हणाले.

त्यांना हे पटवण्यात बराच वेळ गेला. शेवटी नखं वाचली, वजनाचा नियम मात्र कायम राहिला. "वजनाबिगर जोड लावली आणि उद्या कोण म्हणला, हलक्याला भारी घातला, तर तोंड कुणाला दाखवू?" आण्णांनी विचारलं आणि पुढच्या गिटारवाल्याला काट्यावर चढवलं.

चहा घेताना आण्णांनी त्यांना विचारलं, "बाई, ह्ये ब्लूज म्हंजे नेमकं काय असतंय? सम्राट म्हणतो, दुःख. मग रडण्याची स्पर्धा हाय का?"

"नाही," अवंतिकाबाई म्हणाल्या. "ज्यांना दुसऱ्यांनी पार खाली दाबून ठेवलं होतं, अशा माणसांचं गाणं आहे ते. राबणाऱ्यांचं. दुःख आहे, पण गाणारा त्यापुढं हात टेकत नाही. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं."

आण्णांनी कप खाली ठेवला. "तेच ते दोनदा सांगायचं आणि तिसऱ्यांदा निकाल लावायचा. ह्ये आमच्या घरात रोज हाय. बाळाबाई दुसरं काय करती?" मग म्हणाले, "म्हंजे खालनं कुस्ती हाय की ही. वर गडी बसलाय, मानगूट धरलंय, पण खालचा पाठ लावू देत न्हाय."

"अगदी तसंच," अवंतिकाबाई म्हणाल्या. एवढं सोपं कुणी आधी सांगितलं असतं तर क्लासमधली पहिली दोन वर्षं वाचली असती, असंही म्हणाल्या.

इतक्यात तात्यांनी आण्णांना पिंपळाच्या पाराकडं बोलावून घेतलं. तात्या आवाज खाली आणून बोलायला लागले की समोरच्यानं सावध व्हावं, हे पेठेला माहीत आहे.

"आण्णा, गदा तालमीतच ऱ्हायला पायजे बघा."

"तालमीतच हाय की. खिळ्याला अडकवलीया."

"तसं न्हवं. सम्राट आपला हाय. यंदा त्याला वॉर्डात उभा करायचाय. गदा खांद्यावर घिऊन फोटू निघाला म्हंजे बरं."

"गाऊ द्या की त्याला. चांगला गायला तर घिऊन जाईल."

"आणि नसंल जमत तर बरोबरीत सोडवा. सोडवायला काय जातंय?" तात्यांनी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या म्हयन्यात आपलं मैदान हाय. पंच कोण, ह्ये अजून छापलं न्हाय मी."

आण्णा काही बोलले नाहीत. ते न बोलणं तात्यांनी होकार समजून खिशात घातलं. पण पिंपळाला पाणी घालायला आलेल्या बाळाबाईंनी तात्यांचं बोलणं ऐकलं होतं. आण्णांचा जीव कशात आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? फाउंड्री सुटली तेव्हा आण्णांनी हुं का चूं केलं नव्हतं. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी मैदानात बसू नका सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला होता.

"काय करणार हायसा?" बाळाबाईंनी विचारलं.

"बघणार हाय," आण्णा म्हणाले.

दुपारी मांडवात ब्लूज सुरू झालं. पहिल्या जोडीत इचलकरंजीचा एक तरुण आपली प्रेयसी सोडून गेल्याचं इंग्रजीत सांगत होता. मागून एक म्हातारे शेंगा फोडत म्हणाले, "बरं झालं, ह्यो लई बोलतोय." मिरजेच्या दाढीवाल्यानं नखांचं चीज केलं, पण गाताना त्याचा आवाज त्याच्याच दाढीत अडकला. एकानं पावसाळी पिकांचं दुःख मांडायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत खताच्या दुकानाचा पत्ता सांगितला. ते दुकान त्याचंच निघालं. आण्णांची निकाल द्यायची पद्धत साधी होती. अवंतिकाबाई कानात सांगत, सूर कुठं गेला, ताल कुठं सुटला. आण्णा ते ऐकून घेत, पब्लिककडं बघत, मग गाणाऱ्याच्या मानेकडं बघत, आणि हात वर करत. दोघांचं एकदाही भांडण झालं नाही. याचं दोघांनाही नवल वाटत होतं.

मग पुकारा झाला, "कसबा बावड्याच्या लीलाबाई."

लीलाबाई एसटीत कंडक्टर. कागलच्या गाडीवर असतात. वय चाळिशीच्या पुढचं, आवाज असा की गाडीच्या मागच्या बाकावर झोपलेला माणूस जागा होऊन आधी तिकीट काढतो आणि मग डोळे उघडतो. बरोबर पेटी होती, भजनी मंडळातली. सकाळी काट्यावर उभं राहताना त्या म्हणाल्या होत्या, "वजन लिवा, पण मोठ्यानं वाचू नका." स्पर्धेला कशा आलात, असं विचारल्यावर म्हणाल्या, "फलक वाचला. दुःखाची स्पर्धा हाय म्हणं. म्हणलं, तयारी करायला नगं."

त्यांनी पेटीचा भाता ओढला आणि मांडवावरचा पत्रा थरथरावा अशा आवाजात सुरुवात केली:

दिवसभर मी उभी, मला बसाया जागा न्हाय,
दिवसभर मी उभी, मला बसाया जागा न्हाय,
माझ्या डबल बेलबिगर तुमची गाडी हलत न्हाय.

मांडवात शेंगा फोडायचा आवाज थांबला. आण्णांनी मान वळवून पब्लिककडं पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. लीलाबाईंनी दुसरं कडवं घेतलं:

पावणं म्हणलं, बाई, जरा हळू बोलाया शीक,
पावणं म्हणलं, बाई, जरा हळू बोलाया शीक,
हळू बोलले तर कागलचा पावणा उतरंल नाशीक.

मागच्या रांगेतल्या बायका उठून उभ्याच राहिल्या. अवंतिकाबाईंचा पेन हातातच राहिला होता. लीलाबाई मात्र गर्दीत तिकीट फाडताना असतो तसा चेहरा ठेवून गात होत्या, जणू कौतुकासाठी सुट्टे पैसे तयार ठेवा असं सांगत होत्या.

अंतिम जोड लागली ती सम्राट आणि लीलाबाई यांची. सम्राट वाजवायला खरोखर चांगला. त्याच्या गिटारनं बाकीच्यांना घाम फोडला होता. त्याचं गाणं एका आगगाडीचं होतं, जी पहाटे निघून गेली आणि त्याची सखी घेऊन गेली. इंग्रजी स्वच्छ, सूर स्वच्छ, बूट स्वच्छ. लीलाबाईंनी पुन्हा आपली गाडी काढली. दोघांचं झाल्यावर अवंतिकाबाईंनी कागदावरच्या आपल्या खुणा दोनदा मोजल्या.

"वाजवण्यात तो पुढं आहे, गाण्यात त्या," त्या हळूच म्हणाल्या. "खरं सांगू? मला बरोबरी दिसते."

हे नेमकं तात्यांच्या कानावर पडलं. ते लगबगीनं पंचांच्या टेबलाशी आले. चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. "बघा, मॅडमच म्हणत्यात. मी कुठं काय म्हणलो? सोडवा, आण्णा. दोघांच्या खांद्यावर गदा दिऊन फोटू काढू."

आता ही बरोबरी कुणी पुढाऱ्यानं कानात सांगितलेली नव्हती. प्रामाणिक बाईनं प्रामाणिकपणे काढलेली होती. दोन हात वर केले असते तर आण्णांना कुणी नाव ठेवलं नसतं, आणि पुढच्या महिन्यात शिट्टी त्यांच्याच गळ्यात राहिली असती. आण्णांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही.

"बाई, कागदावर बरोबरी हाय. मातीत अजून बघितली न्हाय," ते अवंतिकाबाईंना म्हणाले. "दोघांना मधी घिऊ का? एक एक कडवं, समोरासमोर."

"नियमात आहे?" अवंतिकाबाईंनी विचारलं.

"कुस्तीच्या पत्रकात हाय, जोड अडली की मधी घ्यायची. आणि तेच पत्रक छापलंय."

अवंतिकाबाईंनी पत्रक उलटून पाहिलं. होतं. "घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही द्याल त्या निकालावर मी सही करीन."

तात्या काहीतरी बोलणार तोवर आण्णांनी शिट्टी फुंकली आणि दोघांना मांडवाच्या मधोमध आणलं. सम्राटनं पुन्हा आगगाडीचीच ओळ घेतली. ती पहाटे गेली, ती पहाटे गेली. तो श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात लीलाबाईंनी विचारलं, "पावणं, चौकशीच्या खिडकीवर इचारलंसा का? दुसरी गाडी असती."

सबंध मांडव हसला. सम्राटही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं गिटार छातीशी ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मराठीत गायला लागला:

काका म्हणतो, सम्राट, यंदा वॉर्डात उभा रहा,
काका म्हणतो, सम्राट, यंदा वॉर्डात उभा रहा...

हे गाणं दुसऱ्या कुणाचं नव्हतं, हे पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळलं. आवाजसुद्धा बदलला होता. पहिल्यांदाच त्यात थोडा खरखरीत, घरचा सूर आला होता. लीलाबाई पेटीवर हात ठेवून पुढं झुकून ऐकत होत्या. आता तिसरी ओळ. सम्राटनं मान वर केली, आणि समोर पहिल्याच खुर्चीत तात्या बसलेले दिसले. तात्या रागावले नव्हते. नुसते बघत होते, जसे त्याला लहानपणापासून बघत आले होते.

गिटार वाजत राहिली. एक फेरी गेली, दुसरी गेली. तिसरी ओळ आली नाही. सम्राटनं खाली मान घातली आणि तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या.

आण्णांनी थोडं थांबून घेतलं. पडलेल्याला उठायला जेवढा अवधी द्यायचा असतो तेवढा दिला. लीलाबाईंना आता कडवं म्हणायची गरज उरली नव्हती. आण्णा त्यांच्याकडं गेले, त्यांचा मनगटाशी तिकिटांची शाई लागलेला हात धरला आणि वर केला.

"टेकली," ते म्हणाले.

पुढं जो गोंधळ झाला तो पेठेतल्या लोकांनी आपापल्या परीनं वाढवून सांगितला आहे. खरी गोष्ट एवढीच की लीलाबाईंना गदा मिळाली, ती त्यांनी बॅट धरावी तशी धरली, आणि तात्यांनी माईकवर विजेत्यांचं अभिनंदन केलं. त्यांना ते करता येतं. माईक खाली ठेवल्यावर ते आण्णांना म्हणाले, "फेटा ठिऊन जावा."

"फेटा तालमीचा हाय, घ्या," आण्णा म्हणाले आणि तिथंच उलगडायला लागले. फेटा लांब असतो. अपमान करणाऱ्याला तो उलगडून होईपर्यंत ताटकळत उभं राहावं लागतं. आण्णांनी अजिबात घाई केली नाही. शेवटचा पदर हातात दिला आणि वर शिट्टीही ठेवली. "हिच्यात फुंकायला जरा जोर लागतोय. नव्या पंचाला सांगून ठेवा."

घरी जाताना बाळाबाई बरोबर चालत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला पाडलंसा तेव्हा मला वाटलं, माझ्या माहेरावर राग हाय. आज कळलं, समद्यांवरच हाय." आणि कोपऱ्यावरून त्यांनी आण्णांच्या आवडीचं केळफूल घेतलं. हा त्यांच्या घरातला सत्कार होता.

महिन्यानं मैदान भरलं. पत्रकात पंच म्हणून दुसरं नाव होतं. आण्णा त्या दिवशी सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते आणि आपल्याला काही वाटत नाही हे गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून सांगत होते. दुपारी जिना चढून सम्राट आला. मैदानात काकांच्या शेजारी त्याची खुर्ची ठेवलेली होती, ती सोडून आला होता. त्यानं मोबाईल कठड्यावर उभा केला आणि मैदानाचं थेट प्रक्षेपण लावलं.

"हे मला कशाला दाखवालाईस?" आण्णा म्हणाले आणि चष्मा लावला.

पहिल्याच मोठ्या कुस्तीत नव्या पंचांनी दोन्ही हात वर केले. "आगा, निळ्याची टेकली की," आण्णा ओरडले. "कुठं बघालाय?" खालच्या गल्लीतली पोरं वर बघायला लागली. पुढच्या कुस्तीला पोरं जिन्यावर आली. त्याच्या पुढच्या कुस्तीला अर्धी गल्ली गॅलरीखाली उभी होती, आण्णा निकाल देत होते, आणि पोरं तो निकाल मैदानात बसलेल्या आपापल्या भावांना फोनवर कळवत होती. थोड्या वेळानं प्रक्षेपणातच ऐकू यायला लागलं. पंच हात वर करत, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी विचारी, "आण्णांनी काय दिली?"

मानाची कुस्ती लागली. बराच वेळ चालली, एकदम उलथापालथ झाली, धूळ उडाली, आणि दोन्ही बाजूंची माणसं आखाड्यात शिरली. नव्या पंचांनी नेहमीप्रमाणे दोन हात वर केले, ते कुणी बघायलाही तयार नव्हतं. तेवढ्यात सम्राटच्या फोनवरचं चित्र गेलं आणि काकांचं नाव आलं. सम्राटनं फोन उचलला, ऐकलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा करून आण्णांसमोर धरला.

"आण्णा, तात्या बोलतोय. बघितलासा का?"

"बघितली."

"मग काय ती सांगा. पब्लिक ऐकंना झालंय. तुमी मला सांगा, मी हितनं पुकारतो. कुणाला कळणार न्हाय."

"खाजगीत सांगायची असती तर त्या दिशी पिंपळाखालीच सांगितली असती की तुमाला."

पलीकडून मैदानाचा गलका येत राहिला. "बरं, गाडी धाडतो," तात्या म्हणाले. "या. फेटा हितंच हाय."

बाळाबाई आतून दारात येऊन उभ्या होत्या. सम्राट आण्णांच्या तोंडाकडं बघत होता. आण्णांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि दुखरा गुडघा उठायच्या तयारीत पुढं सरकला होता, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. ते उठले नाहीत.

"गाडी नगं, तात्या. पुढल्या वर्षीच्या पत्रकात माझं नाव घाला. आणि त्याच्या खाली एक नियम घाला. पंचाचा निकाल अध्यक्षबी मानतील. ब्लूज असू दे, न्हाईतर कुस्ती. मग मी चालत येतो."

"बघतो," तात्या म्हणाले.

"बघायचं काम माझं. तुमी छापा."

आणि त्यांनी बोटानं फोन बंद केला. मोबाईलवर कुठं दाबायचं हे त्यांना नक्की माहीत नसल्यामुळं तीन-चार ठिकाणी दाबावं लागलं, पण बंद झाला.

गल्ली अजून वर बघत होती. खालून कुणीतरी विचारलं, "आण्णा, ते ऱ्हाऊ द्या. पर टेकली काय?"

आण्णांनी सम्राटला तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून बघितलं. मग कठड्याला धरून उभे राहिले आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा निकाल दिला. खाली जल्लोष झाला, निम्म्या लोकांनी शिव्याही दिल्या. आण्णा खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि सम्राटला म्हणाले, "म्होरची जोड कुठली हाय?"